आ-ग्योकची कुंडी

माझी जीभ लांब आहे, हे आमच्या तायनानजवळच्या माडोउ गावच्या बाजारात कुणालाही विचारा. कुणाची सून रुसली, कुणाच्या पपनसाच्या बागेत कीड पडली, सगळं माझ्या गाडीवर आधी कळतं. तांदूळ वाटायचा, वाटीत ओतायचा, वर मांसाचा तुकडा नि कोळंबी ठेवून उकडायचं, झालं वा-क्वे. हा माझा धंदा, आणि गिऱ्हाइकाची वाटी रिकामी होईस्तोवर बोलत राहायचं ही माझी खोड. अशा माझ्यासारखीनं एक गोष्ट एकोणतीस वर्षं पोटात ठेवली. ती ठेवल्यामुळे माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या आयुष्याची माती व्हायची वेळ आली. ती मैत्रीण म्हणजे आ-ग्योक. तिची हकिकत सांगते. ऐकून मला शिव्या द्याव्याशा वाटल्या तर खुशाल द्या, मी त्याच लायकीची आहे.

आ-ग्योक तोरणं भरते. मुलाचं लग्न ठरलं की नवऱ्या मुलाच्या दारावर जे लांबलचक लाल तोरण लागतं, आठ चिरंजीव देवांचं, ते. आता बाजारात यंत्रावरची तोरणं पोत्यानं मिळतात, पण माडोउत ज्याला चार माणसांत मान हवा तो आ-ग्योककडे येतो. बाविसाव्या वर्षी ती श्वेच्या गावाहून लग्न होऊन आमच्या गल्लीत आली, तेव्हा हुंड्यात भांड्यांऐवजी भरतकामाची चौकट घेऊन आली होती. तिचे ते आठ जण मला नातेवाइकांसारखे पाठ आहेत. एक लंगडा, एक ढेरपोट्या, एक बासरीवाला. आणि एक फुलांची टोपली घेतलेला, जो बाई आहे की बाप्या हे आजतागायत कुणाला उमगलेलं नाही. आ-ग्योक कधी त्याचे ओठ लाल करते, कधी नाही करत. गिऱ्हाइकानं त्यावरून कधी हुज्जत घातल्याचं मी ऐकलं नाही.

अशी ही बाई. अख्ख्या गावाची दारं तिनं सजवली, आणि स्वतःच्या एकुलत्या एक मुलाचं लग्न महिन्यावर आलं तरी तिच्या दारावर लाल चिंधीसुद्धा लागेना. मुलगा लग्न करणार होता तो दुसऱ्या मुलाशी. अशा लग्नांचा कायदा त्याच साली मे महिन्यात झाला होता. गावाला वाटलं, आईला लाज वाटते. मुलालाही तेच वाटलं. खरं कारण मला ठाऊक होतं आणि मी गप्प होते.

ते कारण सांगायचं तर मागं जायला हवं.

आ-ग्योकला लागोपाठ तीन मुली झाल्या. नवरा पपनसांचा ट्रक चालवायचा, दिवसाला चार वाक्यं बोलायचा. त्याच्या वाटणीचं त्याची आई बोलायची. चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा म्हातारीनं ठरवलं की आता नशिबावर सोडायचं नाही. आमच्याकडे मानतात की पलीकडच्या जगात प्रत्येक बाईचं एक झाड असतं. लाल फूल आलं की मुलगी, पांढरं आलं की मुलगा. नदीपलीकडच्या एका देवळात एक भगत होता, तो म्हणे पोटातलं लाल फूल काढून पांढरं लावून द्यायचा. त्याला बाईचं अंगावरचं पोलकं लागायचं आणि पांढऱ्या फुलांची एक कुंडी. पूजा झाली की कुंडी घरी आणायची आणि त्या आईनंच तिला पाणी घालायचं, दुसऱ्या कुणी नाही. झाड सुकलं तर ते पोराला बाधतं.

आ-ग्योकला उलट्यांनी उठवत नव्हतं. डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं होतं. म्हातारीच्या गुडघ्यांना स्कूटर चालत नव्हती. मग उरलं कोण? शेजारची खिम, म्हणजे मीच, जिच्याकडे स्कूटर आहे नि जिला रिकामपणच रिकामपण आहे.

मी खोलीत गेले तेव्हा आ-ग्योकनं स्वतःच्या हातानं पोलकं घडी करून दिलं. डोळे मिटूनच म्हणाली, "जा बाई घेऊन. एकदाचं होऊ दे पांढरं नि सुटू दे मला."

मी निघाले. पुढ्यात अनंताची कुंडी, पिशवीत पोलकं. आता माझंही ऐका. सरकारी कागदावर माझं नाव खिम नाही. आम्ही चार बहिणी, मी तिसरी, आणि आजोबांनी माझं नाव ठेवलं होतं 'भाऊ आण'. शाळेत हजेरीला बाईंनी ते नाव पुकारलं की वर्ग फिदीफिदी हसायचा. खिम हे नाव मी स्वतःच स्वतःला ठेवलं. पुलापर्यंत पोचले आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आत जी कोण असेल ती असेल. तिला न विचारता तिचं फूल बदलणारे हे कोण टिकोजीराव? पुलाच्या पायथ्याशी बर्फाच्या किसाचं दुकान होतं. तिथं बसले, लाल चवळी घातलेला किस दोन बशा खाल्ला, अनंताला थोडं पाणी पाजलं. पूजेहून आणल्यासारखं दिसावं म्हणून माझ्या एप्रनचा लाल दोरा तोडून कुंडीला बांधला. आणि घरी येऊन साळसूदपणे म्हणाले, "झालं सगळं. भगत म्हणाला, पांढरं."

चार महिन्यांनी मुलगा झाला.

म्हातारी हर्षानं वेडी व्हायची बाकी होती. पोर महिन्याचं झालं त्या कौतुकाला गल्लीभर लाल अंडी नि तेलातला भात वाटला, आणि माझ्या घरी दुप्पट पाठवला, कारण मी पुण्याचं काम केलं होतं. मी तो भात खाल्ला आणि तोंड बंद ठेवलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर म्हातारीनं झाडूनं मारलं असतं, एवढंच. पण एक वर्ष गेलं, पाच गेली, मग सांगायला तोंडच उरलं नाही.

मुलाचं नाव थिंग-जुई. आम्ही आ-थिंग म्हणतो. गुणी पोरगा, नाव ठेवायला जागा नाही. मला खिममावशी म्हणत माझ्याच ओट्यावर वाढला. आकड्यांत हुशार, तायनानच्या एका शाळेत गणित शिकवायला लागला. तेविसाव्या वर्षी एका दुपारी आईच्या चौकटीशेजारी बसून त्यानं तिला सांगितलं की आपल्याला मुलगे आवडतात, मुली नाहीत. आ-ग्योकनं सुई थांबवली नाही. "जेवलास का?" एवढंच विचारलं. ओरडली नाही, रडली नाही, हाकलून दिलं नाही. मला वाटलं, वा, काय धीराची बाई आहे. मी गाढव होते. ती त्या दिवसापासून कुंडीला दिवसातून दोनदा पाणी घालायला लागली, आणि मी ते रोज पाहत असूनही माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

शिरलं ते मध्य-शरदाच्या पुनवेच्या सणाला. दुपारपासून दारात शेगडी पेटवून आ-ग्योककडे मंडळी जमली होती. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती, म्हातारीला नऊ. नवऱ्याची बहीण आली होती, आ-ग्योकचा भाऊ आला होता, थोरली मुलगी आ-हुई आली होती, जी मोठ्या इस्पितळात नर्स आहे. आ-थिंग आपला विषय निघणार हे ओळखून मुद्दाम आला नव्हता. मी अर्थातच होते. पपनसं सोलता सोलता आत्याबाईंनी तोंड उघडलं.

"आमच्या घराण्यात हे असलं कधीच नव्हतं. सात पिढ्या मोजून दाखवते."

"म्हणजे आमच्यात होतं असं म्हणायचंय का?" मामा कालवं भाजत होते, ते चिमटा घेऊनच उठले. "आमच्याकडे सगळे मासेवाले. एकेकाला पाच-पाच पोरं."

"मग रक्तात नसेल. वळणात असेल. तीन बहिणींत वाढला, रेशमाच्या गुंड्यांत लोळला, आईला सुई ओवून द्यायचा. गेल्या साली ह्या असल्या लग्नांवरच्या मतदानाच्या वेळी पत्रकं वाटली होती ना बाजारात, त्यात स्वच्छ छापलं होतं. हे सगळं आजूबाजूचं बघून होतं."

मला राहवलं नाही. "माझा भाचा कसायाच्या दुकानात वाढला. त्याला काय शेपूट फुटली?"

"तू मध्ये बोलू नकोस गं खिम. तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला कळतंय तेवढंच."

मामा हसले, आत्याबाईंनी नाक मुरडलं. मग आ-हुई बोलली, आणि ती बिचारी आईला धीर द्यायलाच बोलली. "आत्या, असं नसतं ते. शास्त्रज्ञ अजून वाद घालतायत. थोडं रक्तातलं असतं, पण असं एकच बटण नसतं की दाबलं नि झालं. थोडं पोटात असतानाचंही काही असावं. नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण आईनं लाड केले, सुई हातात दिली, म्हणून होत नाही, एवढं मात्र खरं. बहुतेक सगळं पोटातूनच ठरून येत असावं."

आ-ग्योकच्या हातातलं सोललेलं पपनस खाली पडलं. ती उठून आत गेली. सगळ्यांना वाटलं, नणंदेचं बोलणं लागलं. मी मागोमाग गेले. मागच्या अंगणात ती कुंडीसमोर उभी होती.

"ऐकलंस ना?" मला म्हणाली. "पोटात असतानाचं, म्हणाली ती. शिकलेली पोरगी आहे, खोटं कशाला बोलेल? मीच केलं खिम. मुलगी होती ती. मी तिचं फूल बदलायला लावलं. अंग बदललं, मन तसंच राहिलं. मुलगीच राहिली असती तर आज नवऱ्याच्या दारावर तोरण लागलं असतं नि गावात कुणी चकार शब्द काढला नसता. सासूचा धाक होता हे खरं, पण पोलकं मी माझ्या हातानं घडी करून दिलं. आता तो माझ्यासमोर वाकेल, तेव्हा कुठल्या तोंडानं त्याला आशीर्वाद देऊ? कुठल्या तोंडानं तोरण लावू? त्याला कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा, त्याच जागी. तोंडापर्यंत आलंही. पण चाळीस वर्षांची मैत्री, रोज सकाळचा चहा, एकमेकींच्या दुखण्याखुपण्यात काढलेले दिवस, हे सगळं माझ्या एका वाक्यानं जाणार असं वाटलं आणि माझ्या जिभेला कुलूप लागलं. इतर वेळी जिला हाड नाही ती जीभ. मी म्हटलं, "उगाच काहीतरी मनात आणतेस," आणि बाहेर येऊन कालवं खाल्ली. स्वतःची इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

पुढच्या रविवारी सकाळी आ-थिंग त्याच्या शाओ-छ्येनला घेऊन माझ्या गाडीवर आला. शाओ-छ्येन पिंगतुंगचा, डुकरांचा डॉक्टर. हात एवढाले आणि आवाज मांजरासारखा. तीन वाट्या वा-क्वे गुपचूप संपवल्या पोरानं, मला तर तेव्हाच आवडला.

आ-थिंगची वाटी तशीच होती. "मावशी, खरं सांग. आईला माझी लाज वाटते का?"

"कोण म्हणतं?"

"कुणी म्हणायला कशाला हवं? मी विचारलं तोरणाचं, तर म्हणाली, बघू. गेल्या महिन्यात समोरच्या लोकांचं तोरण रात्रंदिवस बसून पुरं केलं तिनं. मला म्हणते, बघू."

शाओ-छ्येन हळूच म्हणाला, "मी म्हटलं त्याला, राहू दे. कचेरीत सह्या करू, नूडल्स खाऊ नि घरी जाऊ. माझ्या घरी तर आई अजून कुणाला सांगतही नाहीये. पण ह्याला तोरणाखालून आत जायचंय."

"लहानपणापासून सगळ्यांच्या लग्नाची तोरणं तिच्या चौकटीवर पाहिली," आ-थिंग म्हणाला. "दोरे मीच वेगळे करून द्यायचो. मला वाटायचं, एक माझंही होईल. बाकी काही नको होतं गं."

त्याचे डोळे भरले. गाडीवर चार गिऱ्हाइकं थांबलेली असताना मी शेगडी बंद केली. पोरांना म्हटलं, "बसा इथं. गाडी सांभाळा." दोन वाट्या उचलल्या आणि तडक आ-ग्योककडे गेले.

ती चौकटीवर वाकून लंगड्याची काठी भरत होती. वाट्या ठेवल्या, आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. पूल, बर्फाचा किस, दोन बशा, दोरा, भगताचं खोटं वाक्य. एका दमात, कारण मध्ये थांबले असते तर पळून गेले असते.

 काठी भरून झाली, गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

"देवळात गेलीच नाहीस?"

"पुलापलीकडे पाऊल टाकलं नाही."

"आणि तो लाल दोरा?"

"माझ्या एप्रनचा."

"म्हणजे तो पहिल्यापासून मुलगाच होता."

"पहिल्यापासून."

"आणि पहिल्यापासून असाच होता."

"असाच. मग ते रक्तातनं आलं का आणखी कशातनं, ते आ-हुईच्या शास्त्रज्ञांना भांडू दे. तू केलं नाहीस. मी केलं नाही. कुणी काही केलंच नाही गं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, सुटकेनं रडेल, गळ्यात पडेल. कसलं काय. "एकोणतीस वर्षं," ती म्हणाली. "एकोणतीस वर्षं मी ह्या झाडाला जपतेय. माहेरी दोन दिवस राहिले नाही कधी. वादळात ते उचलून घरात घेताना माझा खांदा निखळला, आठवतंय तुला? तूच तेल लावलंस. तेल लावताना बोलली नाहीस." मग दाराकडे बोट केलं. "जा."

मी गेले. वाट्या तिथंच राहिल्या. गाडीवर पोरांना काय सांगणार? "तुझ्या आईला तुझी लाज वाटत नाही, बाकीचं तिलाच विचार," एवढंच सांगून शेगडी पेटवली.

अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सकाळचा चहा बंद. दार आतून बंद, पडदा ओढलेला. दार वाजवलं तर उत्तर नाही, मात्र आत दिवा असायचा आणि कात्रीचा आवाज यायचा. दारावर मात्र काही नव्हतं. मी रोज गाडीवर जाता-येता मान वर करून बघायची, जणू काही पाऊस येतोय का बघतेय. बाराव्या दिवशी लग्न होतं. आदल्या संध्याकाळपर्यंत दाराची चौकट ओकीबोकी. मनात म्हटलं, खिम, तू सांगितलंस तेही उशिरा, नि वायाच गेलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी गल्लीत बोलण्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले. आ-थिंग शिडीवर होता आणि खाली आ-ग्योक उभी राहून त्याला रागावत होती. "डावीकडे घे. अजून. गणित शिकवतोस नि सरळ रेघ दिसत नाही?" दारावर तोरण होतं. आठही चिरंजीव, सोनेरी दोऱ्यात, असं काम तिनं गावात कुणासाठी केलेलं नाही. कापडाला घडीच्या खुणा पडल्या होत्या, जुन्या, खोल गेलेल्या. ते आज शिवलेलं नव्हतंच. नंतर कळलं, आ-थिंगनं तिला सांगितलं त्याच वर्षी तिनं ते भरून ठेवलं होतं आणि सहा वर्षं पेटीच्या तळाशी ठेवलं होतं.

आ-थिंग शिडीवरून उतरून माझ्याकडे आला. "आईनं सगळं सांगितलं, मावशी."

"माझं पण?"

"तुझं पण. पोलकं तिनं स्वतः दिलं, हेही. माझी माफी मागत होती, विचार कर. मी म्हटलं, आई, भगतानं खरंच काही केलं असतं ना, तरी मी तक्रार घेऊन आलो नसतो. मी मला आवडतो. तू फक्त तोरण बाहेर काढ."

"मग अकरा दिवस काय करत होती ती दार लावून?"

तो हसला आणि फोन पुढे केला. फोटो पिंगतुंगचा होता, शाओ-छ्येनच्या घराचा. दारावर दुसरं लाल तोरण, एका बाजूला चांगलं वीतभर खाली आलेलं, आणि त्याखाली त्याची आई, हसावं की नाही हे न ठरलेल्या चेहऱ्यानं. तोरण नवऱ्या मुलाच्या दारावर लागतं. नवरे मुलगे दोन, म्हणजे दारं दोन, असा आ-ग्योकचा सरळ हिशेब. एका तोरणाला तिला दोन महिने लागतात. हे तिनं अकरा दिवसांत पुरं करून आदल्या दिवशी स्वतः गाडीनं पिंगतुंगला नेऊन दिलं होतं. विहीणबाईंना म्हणाली होती, लावायचं तर लावा, नाहीतर नीट घडी करून ठेवा, पोराचं आहे. मला ते बघून रडू आवरेना. भर गल्लीत, एप्रनवर, सगळ्यांसमोर रडले.

तेवढ्यात आ-ग्योक माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. बारा दिवसांनी पहिल्यांदा. अंगात नवा जांभळा पोशाख, केस बांधलेले, आणि दोन्ही हातांत ती अनंताची कुंडी. कुंडीला माझ्या एप्रनचा दोरा अजून होता, ऊन खाऊन पांढुरका झालेला.

"धर," ती म्हणाली आणि कुंडी माझ्या हातात कोंबली. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पुढची एकोणतीस वर्षं तू घालायचंस पाणी." मग डोळे पुसून म्हणाली, "आणि चल लवकर. मुहूर्त टळेल. मावशीशिवाय तो आत पाऊल टाकायला तयार नाही."